‘मिस यू’ला अरबीत काय म्हणतात?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत नववीतला एक मुलगा शिक्षकखोलीच्या दारात येऊन उभा राहिला. त्याचे वडील कतारमध्ये एका गॅरेजात काम करतात. दीड वर्षापासून ते घरी आले नव्हते. इकडेतिकडे पाहत मुलगा हळूच म्हणाला, “सर, ‘मिस यू’ला अरबीत काय म्हणतात? अब्बांना मेसेज पाठवायचाय. त्यांना आता अरबी कळतं. मी अरबीत लिहिलेलं बघून खूश होतील.”

उर्दू शिकवणाऱ्या माणसाला अरबी येतेच, असा आपल्या समाजात एक समज आहे. लिपी जवळपास तीच, शब्द निम्मे तेच, मग अडचण कुठे आहे? मलाही तरुणपणी असेच वाटायचे. मकतबात शिकलेली थोडी अरबी आणि पुढे स्वतःच्या हौसेने वाचलेली थोडी, एवढ्या भांडवलावर मी एक कागद ओढला, पेन उघडले आणि थांबलो. डोक्यात एक नाही, चार-पाच शब्द आले. प्रत्येकाचे घर वेगळे, चाल वेगळी. त्यातला एक शब्द तर आमच्या घरात पूर्वी गैरसमज करून गेलेला. मी म्हणालो, “उद्या सांगतो.”

तो ‘उद्या’ यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात जे वाचले, जे आठवले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी ‘मिस’चाच अर्थ बघू

इंग्रजी ‘मिस’ या क्रियापदाचा जुना अर्थ आहे नेम चुकणे. बाण सुटला, पण लक्ष्याला लागला नाही. त्यावरून गाडी चुकणे, भेट चुकणे, एखादी वस्तू जागेवर नसणे हे अर्थ आले आणि पुढे माणूस जागेवर नसल्याचे दुःखही त्याच शब्दात मावू लागले. म्हणजे ज्या शब्दाने इंग्रज माणूस ‘बस चुकली’ म्हणतो, त्याच शब्दाने ‘तुझी आठवण येते’ म्हणतो.

हे वाचून हसू येईल, पण आपली मराठी वेगळे काय करते? घरातली लेक सासरी गेली की आई म्हणते, “चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय.” नेम चुकतो तो आणि मन चुकते तो, धातू एकच. मराठीकडे आणखीही पर्याय आहेत. करमत नाही, ओढ लागते, जीव लागत नाही, आठवण येते. यातल्या ‘आठवण येते’कडे जरा लक्ष द्या. इंग्रजीत ‘मी’ कर्ता आहे. मी तुला मिस करतो. मराठीत कर्ता आठवण आहे. ती येते, पाहुण्यासारखी, न सांगता. मी फक्त ज्याच्याकडे ती येते तो. उर्दूतही तसेच, ‘याद आती है’. वर्गातली मुले आता सर्रास ‘मिस करतो’ म्हणतात, त्याला माझी तक्रार नाही. पण तसे म्हणताना वाक्याचा मालक बदलतो, हे शिक्षक म्हणून सांगावेसे वाटते.

तेव्हा भाषांतराचा पहिला प्रश्न ‘शब्द कोणता’ हा नाही. पहिला प्रश्न असा की, या भाषेत विरह कोण करतो आणि तो कोणाला होतो?

हरवलेला प्याला आणि हरवलेला मुलगा

इंग्रजी-अरबी कोश उघडला की ‘मिस’समोर पहिल्या काही अर्थांत ‘फकद’ या धातूची रूपे भेटतात. फकद म्हणजे गमावणे, एखादी गोष्ट जागेवर न सापडणे. उर्दू वाचणाऱ्यांना ‘फुकदान’, म्हणजे उणीव, हा शब्द माहीत आहे. त्याच धातूचा ‘मफकूद’ म्हणजे बेपत्ता. जो नवरा घर सोडून गेला आणि ज्याचा ठावठिकाणा नाही, त्याला फिकहच्या पुस्तकांत मफकूद म्हणतात. त्याच्या बायकोने किती वर्षे वाट पाहायची, यावर फुकहांनी शतकानुशतके चर्चा केली आहे. आपल्याकडे 1939 च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याने ही मुदत 4 वर्षे धरली. म्हणजे हा शब्द हिशेबाचा आणि कागदपत्रांचा आहे. कोण हजर आणि कोण गैरहजर, हे तो सांगतो.

कुरआनमधल्या सूरह यूसुफमध्ये हा धातू येतो आणि कुठे येतो ते पाहण्यासारखे आहे. राजाचा प्याला सापडत नाही, तेव्हा काफिल्यातले भाऊ विचारतात की तुमचे काय हरवले आहे, आणि राजाची माणसे सांगतात की राजाचा प्याला हरवला आहे. प्रश्न आणि उत्तर दोन्हीकडे फकद. पण याच सूरहमध्ये एक बाप आहे, ज्याचा मुलगा वर्षानुवर्षे नजरेआड आहे. हजरत याकूब (अ.) यांच्या दुःखासाठी तिथे हा शब्द वापरलेला नाही. तिथे हुज्न आहे, म्हणजे शोक. रडून रडून पांढरे पडलेले डोळे आहेत. आणि शेवटी, मुलाचा सदरा घेऊन काफिला दुरूनच निघालेला असताना बापाला आलेला मुलाचा गंध आहे.

प्याला हरवला तर तो मोजता येतो. मुलगा हरवला तर डोळे जातात. हा फरक मला आधी कधीच जाणवला नव्हता. सूरह लहानपणापासून ऐकलेली, तर्जुमा अनेकदा वाचलेला. एका मुलाच्या मेसेजपायी तो लक्षात आला.

आजच्या अरबीत याच धातूचे ‘इफ्तकद’ हे रूप माणसासाठीही वापरतात आणि खाडी देशांत बोलताना ‘तुझी उणीव भासते’ या अर्थी ‘फाकिद’ही ऐकू येते. पण मृत व्यक्तीला आदराने ‘फकीद’ म्हणतात, हेही त्याच अरबीत आहे. जिवंत बापाला पाठवायच्या पहिल्याच अरबी मेसेजात हा शब्द नको, असे मी ठरवले.

हजेरीपटावरचा मुश्ताक

दुसरा शब्द शौक. अरबीत शौक म्हणजे दूर असलेल्याकडे मनाची ओढ. प्रमाण अरबीत ‘मला तुमची आठवण येते’ म्हणायचे तर याच धातूपासून म्हणतात, ‘इश्तक्तु इलैक’. त्याचा शब्दशः भाव ‘मी तुझ्याकडे ओढला गेलो’. इथे कर्ता ‘मी’ आहे, पण ‘इलैक’मध्ये दिशा आहे. इंग्रजीतला बाण चुकून बाजूला पडतो. अरबीतला शौक नेमका त्या माणसाच्या दिशेने जातो.

आता गंमत पाहा. ज्याला ही ओढ लागते त्याला अरबीत मुश्ताक म्हणतात. ओढीला इश्तियाक. आपल्या मोहल्ल्यांत, आपल्या हजेरीपटांवर मुश्ताक आणि इश्तियाक किती आहेत! मी 20 वर्षे ही नावे पुकारतो आहे आणि ‘हजर’ म्हणून उत्तर घेतो आहे. नावाचा अर्थ आहे, ज्याला कोणीतरी दूरचे हवे आहे तो.

सूफी परंपरेत हा शब्द फार वर चढला. इमाम गझाली (र.), ज्यांची वफात 1111 साली झाली, त्यांच्या ‘इह्या उलूमिद्दीन’ या ग्रंथात एक पूर्ण प्रकरण मुहब्बत, शौक, उन्स आणि रजा यांवर आहे. तिथे शौक अल्लाहच्या भेटीची ओढ आहे. हदीसमधल्या एका दुआतही अल्लाहच्या भेटीचा शौक मागितला आहे. शौक हा शब्द स्वतः कुरआनमध्ये नाही. तो अरबांच्या बोलण्यातून, शायरीतून, दुआतून वाढला.

आणि मग तो फारसीच्या हाताला धरून हिंदुस्थानात आला. उर्दूत त्याचा अर्थ आवड, उत्साह असा पसरला. मराठीत पोहोचेपर्यंत तर शौक म्हणजे पान-तंबाखूचा शौक, कबुतरांचा शौक, शौकीन माणूस. अरबस्तानातून निघताना ज्या शब्दात विरह होता, तो आपल्या बाजारात पोहोचला तेव्हा त्यात चैन होती. एखाद्या अरबाला आपण ‘मला क्रिकेटचा शौक आहे’ म्हटले, तर याला क्रिकेटची आठवण का छळते आहे, असे त्याला वाटेल.

आमच्या घरातली वहशत

आता तो शब्द, ज्याने आमच्या घरात घोळ घातला.

माझे अब्बा 1980 च्या दशकात कुवेतमध्ये होते, एका गोदामात स्टोअरकीपर. त्या काळी फोन महाग, म्हणून पत्रे आणि कॅसेटी. कोणी गावी येणारे असले की त्याच्याबरोबर भरलेली कॅसेट यायची. टेपरेकॉर्डर मधोमध ठेवून आम्ही सगळे गोल बसून ऐकायचो. अब्बांच्या खोलीत एक मिसरी, म्हणजे इजिप्तचा, माणूस राहायचा. त्याच्याकडून ते बोली अरबी शिकले. एका कॅसेटमध्ये सगळ्यांची विचारपूस झाल्यावर अब्बा थोडे थांबले आणि अम्मीसाठी एक शब्द म्हणाले, ‘वहश्तीनी’.

अम्मी उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. वहशत म्हणजे काय ते तिला ठाऊक होते. वहशत म्हणजे वेड, भीती, जंगलीपणा. वहशी म्हणजे हिंस्र. ती दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही. पुढच्या पत्रात तिने विचारले की माझ्यात असे काय वहशी दिसले तुम्हाला? त्यावर अब्बांचा खुलासा यायला महिना लागला. मिसरी लोक ‘तुझी फार आठवण येते’ हे असे म्हणतात, त्यांनी लिहिले. अम्मीला काही ते पटले नाही. “आठवणीत वहशत कसली?” असे ती म्हणायची.

कसली, ते आता सांगतो. अरबीत वहश म्हणजे रानातले जनावर, जे माणसाला सरावत नाही. आणि वहशा म्हणजे ओसाडपणा, जिथे कोणी नाही तिथे वाटणारी भीतीमिश्रित एकटेपणाची भावना. दहाव्या शतकातले मोठे कोशकार इब्न फारिस यांनी या धातूचा गाभा एका ओळीत सांगितला आहे; माणसाळलेपणाच्या जे उलट, ते वहश. घरातली माणसे निघून गेली आणि जागा भकास झाली की त्या जागेबद्दल अरब याच धातूचे क्रियापद वापरतात. इस्लामपूर्व काळातल्या अरबी कसीद्यांची सुरुवात अनेकदा अशीच होते. शायर उंटावरून येतो, जिथे प्रिय व्यक्तीच्या कबिल्याचा तळ होता तिथे थांबतो. तंबू गेलेले, विझलेल्या चुलीचे दगड उरलेले आणि माणसांच्या जागी रानातली जनावरे आपल्या पिलांसह फिरत असलेली. लबीद यांच्या प्रसिद्ध मुअल्लकामध्ये हे चित्र आहे.

हे चित्र डोळ्यापुढे ठेवले की ‘वहश्तीनी’ उलगडतो. त्यात ‘मी’ कर्ता नाही. कर्ता ‘तू’ आहे. तू मला ओसाड केलेस. तू नाहीस म्हणून मी उठून गेलेल्या तळासारखा झालो. इंग्रजीत जो कर्ता, तो इथे कर्म झाला. फ्रेंचमध्येही असेच उलटे होते. तिथे ‘तू मला कमी पडतेस’ अशा अर्थाचे वाक्य वापरतात. आणि त्याच अरबीच्या पश्चिम टोकाला, मोरोक्को-अल्जीरियात, हाच धातू घेऊन वाक्य पुन्हा सुलटे करतात. ‘तवह्हश्तक’, म्हणजे मी तुझ्यावाचून ओसाड झालो. धातू एक, मालक दोन.

वहशाच्या समोर अरबी एक शब्द उभा करते, उन्स. सोबतीची ऊब, ओळखीचा दिलासा. गझालींच्या त्या प्रकरणात शौकच्या शेजारी उन्स आहे, तो यासाठी. अनीस, मूनिस ही आपली नावे यातलीच. उर्दूत ‘मानूस’ म्हणजे ओळखीचा, सवयीचा झालेला. मराठी ‘माणूस’ संस्कृतातून आला, त्याचा या मानूसशी काही संबंध नाही. पण दोन भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हा योगायोग फार आवडतो. मुलांना मी सांगतो, मानूस झाल्याशिवाय माणूस होत नाही.

2 ऑगस्ट 1990 ला इराकने कुवेत घेतले. मी तेव्हा चौथीत होतो. कुवेतमधून पत्र नाही, फोन नाही, कॅसेट नाही. आमच्या वाडीतल्या कितीतरी घरांची हीच अवस्था. अम्मी संध्याकाळी ट्रान्झिस्टर कानाला लावून बसायची. मग कळू लागले की लोक बसने, ट्रकने इराक ओलांडून जॉर्डनला पोहोचत आहेत आणि अम्मानहून एअर इंडियाची विमाने त्यांना मुंबईला आणत आहेत. सुमारे 59 दिवसांत 488 फेऱ्या आणि पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे, असा त्या मोहिमेचा आकडा पुढे वाचला. तेव्हा आम्हाला एकच आकडा माहीत होता. घरात एक माणूस कमी.

अब्बा सप्टेंबरच्या शेवटी आले. दाढी वाढलेली, हातात एक प्लास्टिकची पिशवी. त्या रात्री सगळी भेटून गेल्यावर अम्मी त्यांना म्हणाली, “तुमचा तो मिसरी शब्द आता कळला मला.” मला मात्र तो कळायला तीस वर्षे लागली.

उंटिणीचा हंबरडा

चौथा शब्द हनीन. घराची, वतनाची, गेलेल्या दिवसांची ओढ सांगायला अरबी आजही पहिल्यांदा याच शब्दाकडे जाते. त्याचा मूळ अर्थ आहे एक आवाज. पिलापासून दूर केलेली उंटीण जो कण्हण्याचा, ओढीचा आवाज काढते, तो हनीन. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. गाय वासरासाठी हंबरते आणि माणूस हंबरडा फोडतो, हे आपल्याकडेही एकाच शब्दातून आले. वाळवंटाने उंटिणीकडून घेतले, आपण गाईकडून.

मुसलमान वाचकांना हनीनची एक गोष्ट ठाऊक असेल. मदीनेच्या मस्जिदीत पैगंबर मुहम्मद (स.) खजुरीच्या एका खोडाला टेकून खुत्बा देत. पुढे मिंबर तयार झाला आणि ते त्यावर उभे राहू लागले. तेव्हा ते खोड गाभण उंटिणीसारखे कण्हू लागले आणि पैगंबरांनी (स.) त्यावर हात ठेवला तेव्हा शांत झाले. सहीह बुखारीत ही रिवायत आहे. त्या खोडाला ‘हन्नाना’ म्हणतात, विरहाने कण्हणारे. लाकडालाही जर हनीन होत असेल तर माणसाचे काय सांगावे!

या शब्दाचा इतिहास स्थलांतराचा इतिहास आहे. नवव्या शतकात वारलेले बसऱ्याचे अल-जाहिझ यांच्या नावावर ‘वतनाची ओढ’ या विषयावरची एक पुस्तिकाच आहे आणि तिच्या नावात हनीन आहे. त्याच्या आधी, 750 साली उमय्या घराण्याची सत्ता गेल्यावर एक तरुण शहजादा अब्दुर्रहमान सीरियातून पळाला, आफ्रिका ओलांडून स्पेनला पोहोचला आणि 756 मध्ये कुर्तुबाचा अमीर झाला. कुर्तुबाजवळच्या बागेतल्या एकट्या खजुरीला उद्देशून त्याच्या काही ओळी प्रसिद्ध आहेत. तू आणि मी दोघेही पश्चिमेतले परके, असा त्यांचा भाव. सत्ता मिळाली, महाल मिळाला, तरी हनीन गेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सीरिया-लेबननमधून हजारो लोक अमेरिकेत गेले. त्यांच्यातल्या लेखकांनी 1920 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘अर-राबिता अल-कलमिय्या’ ही संस्था उभी केली, जिब्रान खलील जिब्रान तिचे प्रमुख. दिवसभर इंग्रजीत जगायचे आणि रात्री अरबीत लिहायचे, अशा त्या पिढीच्या साहित्याला हनीनने व्यापले आहे.

पण हनीनमध्ये गेलेला काळ फार आहे. बाप तर इन्शाअल्लाह ईदला येणार होता. त्यामुळे हाही शब्द बाजूला ठेवला.

कोशकाराची अडचण

एका मुलाला एक शब्द देताना माझी ही गत, तर ज्यांनी आख्खे कोश रचले त्यांचे काय झाले असेल? 1881 मध्ये लंडनहून जॉर्ज पर्सी बॅजर यांचा इंग्रजी-अरबी कोश निघाला. हजाराहून अधिक पाने. हे बॅजर पाद्री होते, त्यांचे बालपण माल्टा बेटावर गेले आणि 1840 च्या दशकात ते मुंबई इलाख्यात सरकारी पाद्री म्हणून नेमले गेले. तिथून ते एडनला गेले. एडन तेव्हा मुंबई इलाख्यातूनच चालवले जाई. म्हणजे इंग्रजीतून अरबीत जाणारा हा रस्ता काही काळ आपल्या मुंबईवरून जात होता.

बॅजर यांच्यासारख्यांपुढे जी अडचण होती ती आजही आहे. लिहायची अरबी एक आणि बोलायची अनेक. डिझ्नीच्या सिनेमांचे उदाहरण घ्या. त्यांची अरबी भाषांतरे अनेक वर्षे इजिप्तच्या बोलीत होत. 2013 चा ‘फ्रोझन’ मात्र प्रमाण अरबीत आला आणि त्यावर बरीच चर्चा झाली. प्रमाण भाषा सगळ्या देशांत कळते, पण तिच्यात कोणी आईच्या मांडीवर बसून रुसत नाही. इश्तक्तु इलैक पत्रात शोभतो. वहश्तीनी दारात उभे राहून म्हणतात. आणि कतार, कुवेत, दुबईकडे तिसरेच म्हणतात, ‘मितवल्लिह अलैक’, तुझ्यासाठी जीव वेडावला. यातला धातू उर्दूच्या ‘वालेह-ओ-शैदा’मध्ये आपल्याला भेटतो.

आणखी एक नमुना माल्टाचा. तिथली माल्टी भाषा अरबीचीच लेक, पण ती लॅटिन लिपीत लिहितात. तिथल्या लोकांनी इंग्रजी ‘मिस’ उचलला आणि त्याला अरबी वळणाचे उपसर्ग-प्रत्यय लावून ‘निम्मिस्याक’ करून टाकला. आपल्या ‘मिस करतो’चा हा भाऊच. तेव्हा कोणी ‘मुलांनी भाषा बिघडवली’ म्हणून ओरडू लागले की मला माल्टा आठवते.

गरीब कोण?

शेवटी एका शब्दाबद्दल बोलतो, जो ‘मिस यू’चे भाषांतर नाही, पण त्याशिवाय हा लेख अपुरा राहील. तो शब्द गरीब.

अरबीत गरीब म्हणजे परका, वतनापासून दूर असलेला. परदेशपणाला गुर्बत म्हणतात, मग खिशात कितीही पैसे असोत. दुनियेत परक्यासारखे राहावे, असे सांगणारी प्रसिद्ध हदीस आहे, तिच्यातला शब्द हाच. उर्दूत ‘गरीबुल-वतन’मध्ये तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. दहाव्या मुहर्रमच्या रात्रीला ‘शाम-ए-गरीबां’ म्हणतात, ती परक्या भूमीत उघड्यावर पडलेल्यांची रात्र. पण हिंदुस्थानात बोलण्यातला गरीब हा पैशाने कमी असलेला माणूस झाला आणि मराठीत तर तो स्वभावानेही गरीब झाला. ‘गरीब गाय’ म्हणताना गाय परदेशी आहे असे कोणाच्या मनात येत नाही.

लहानपणी मला वाटायचे, आपण उर्दूवाले म्हणजे अरबीचे वारसदार. हे शब्द आपलेच. आता असे वाटत नाही. हे शब्द आपल्याकडे आले ते प्रवासी म्हणून. शौक आला आणि शौकीन झाला. वहशा आली आणि हिंस्र झाली. गरीब आला आणि निर्धन झाला. घर सोडलेल्या माणसासारखेच त्यांचे झाले. नवीन गावात नवीन काम, नवीन ओळख, आणि जुन्या गावी परत गेले तर तिथले लोक ओळखेनात. त्यांना पकडून ‘तुझा खरा अर्थ अरबीतला, इथला खोटा’ असे म्हणणे मला अन्याय वाटतो. मराठी गरीब हा मराठीच आहे. पण तो कुठून आला ते माहीत असावे, नाहीतर दोन दिवस कोणाशी न बोलण्याची वेळ येते.

आणि कोकणातल्या आपल्या लोकांना तर हे दोन अर्थ वेगळे करायची गरजही पडली नसावी. पूर्वी जहाजावर गेले, नंतर कुवेत-दुबईला गेले. एका अर्थाने गरीब होते म्हणून दुसऱ्या अर्थाने गरीब झाले.

आठवड्याने मी त्या मुलाला बोलावले आणि कागदावर दोन वाक्ये लिहून दिली. एक प्रमाण अरबीतले, ‘इश्तक्तु इलैक, या अबी’. दुसरे, अब्बा जिथे राहतात तिथल्या बोलीतले, ‘मितवल्लिह अलैक’. त्याला सांगितले, पहिले वाचून त्यांना कळेल की मुलगा शिकतो आहे. दुसरे वाचून हसू येईल. आणि खाली आपल्या भाषेत एक ओळ तुझी तूच लिही, ती मी सांगणार नाही.

दोन दिवसांनी तो पुन्हा आला. वडिलांनी उत्तरात आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. मी विचारले, “अरबीत बोलले का?”

“नाही सर,” तो म्हणाला. “म्हणाले, अरबी दिवसभर ऐकतो रे. तू ती खालची ओळ बोलून पाठव.”